कार्ड मशीन घ्यायचं की क्यूआरवर भागवायचं? कोकणातल्या छोट्या धंदेवाल्यांसाठी सविस्तर माहिती

सीझन तोंडावर आला की मशीनवाले गावोगाव फिरायला लागतात. गुहागर, दापोली, गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली, सगळीकडे तेच. गळ्यात ओळखपत्र, बॅगेत दोन-तीन मशीन, आणि बोलणं ठरलेलं, "मशीन फ्री आहे, फक्त सही करा". आमचं होमस्टे आणि बाजूला काजू-कोकमचं दुकान आहे, त्यामुळे हे लोक आमच्याकडेही येतात आणि आजूबाजूचे खानावळवाले, बोटवाले, आंबेवाले मग विचारायला येतात की घेऊ का रे, किती कापतात, पैसे कधी येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतोय. मोठं आहे पण सही करायच्या आधी वाचा.

आधी हे समजून घ्या की कापतं कोण

गिऱ्हाईकाने कार्ड लावलं की तुमच्या खात्यात पूर्ण रक्कम येत नाही, त्यातून एमडीआर, म्हणजे कार्डाच्या व्यवहारामागचा बँका-कंपन्यांचा टक्का, कापला जातो. हा एमडीआर एकटी मशीनवाली कंपनी खात नाही. सगळ्यात मोठा वाटा गिऱ्हाईकाला कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, थोडा व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या नेटवर्कला आणि उरलेला तुम्हाला मशीन देणाऱ्या बँकेला किंवा कंपनीला. गिऱ्हाईकाला कार्डावर जे पॉइंट आणि कॅशबॅक मिळतात ना, त्याचा पैसा बराचसा आपल्याच गल्ल्यातून गेलेला असतो.

आता रेट बघू. डेबिट कार्डावर आरबीआयने जानेवारी २०१८ पासून कमाल मर्यादा घातलेली आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्याच्या वर उलाढाल असेल तर ०.९० टक्के. म्हणजे छोट्या दुकानात १५०० च्या बिलाला सहा रुपये, हे परवडतं. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणारं यूपीआय यांच्यावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे.

खरं दुखणं क्रेडिट कार्डाचं आहे, कारण त्याच्यावर आरबीआयची कमाल मर्यादाच नाही. साधारण दीड ते अडीच टक्के लागतात, परदेशी कार्डाला त्याहून जास्त, आणि त्या कापलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा. होमस्टेचं १२,००० चं बिल दोन टक्क्याने घेतलं तर २४० रुपये गेले, वर जीएसटी ४३ रुपये २० पैसे, म्हणजे २८३ रुपये २० पैसे. तेच बिल गिऱ्हाईकाने बँक खात्यातून यूपीआयने दिलं तर १२,००० चे १२,००० हातात. ज्याला मालात शंभरामागे आठ-दहा रुपये सुटतात त्याने दोन रुपये असे सोडून दिले तर उरणार काय?

मक्तेदारी कशी आहे आणि आपला त्याच्याशी संबंध काय

जगभर कार्डांचा धंदा मुख्यतः दोन अमेरिकन कंपन्यांच्या हातात आहे, व्हिसा आणि मास्टरकार्ड. दुकानदाराला कार्ड नाकारणं परवडत नाही, म्हणून रेट त्यांच्या मर्जीने ठरतो, ही तक्रार आपलीच नाही तर सगळीकडची आहे. युरोपात २०१५ च्या शेवटापासून कार्ड देणाऱ्या बँकेच्या वाट्यावरच कायद्याने मर्यादा आहे, डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३ टक्के. अमेरिकेत तर सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारनेच व्हिसावर डेबिट कार्डाच्या मक्तेदारीचा खटला टाकला.

आपल्याकडे एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या आपल्या देशातल्या संस्थेने, २०१२ मध्ये व्हिसासारखंच आपलं रुपे कार्ड आणलं आणि २०१६ मध्ये यूपीआय, म्हणून आज हर्णैच्या बंदरावर मासळी विकणाऱ्या बाईच्या टोपलीजवळ पण क्यूआर दिसतो आणि तिला त्याचा एक पैसा लागत नाही. ही खूप मोठी गोष्ट आहे. पण इथेही दोन ॲपचंच राज्य झालंय, फोनपे आणि गुगल पे मिळून यूपीआयचे साधारण ऐंशी टक्के व्यवहार होतात. एका ॲपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत असा एनपीसीआयचाच नियम आहे पण त्याची मुदत पुढे पुढे जात डिसेंबर २०२६ पर्यंत गेली.

आपल्या सारख्याला याचा अर्थ एवढाच की सगळा गल्ला एकाच कंपनीवर सोडायचा नाही. मार्च २०२४ मध्ये आरबीआयच्या कारवाईमुळे पेटीएम पेमेंट्स बँकेत नवीन पैसे जमा होणं बंद झालं तेव्हा ज्यांचं खातं त्याच बँकेत होतं त्यांना धावपळ करून दुसरीकडे खातं जोडावं लागलं. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे, मुख्य रस्ता आपल्या बँकेचा ठेवा आणि दुसरा रस्ता तयार ठेवा.

पायरी १: आपला गल्ला बघा

कुठलंही मशीन घ्यायच्या आधी आठवडाभर वहीत लिहा की किती जणांनी रोख दिले, किती जणांनी यूपीआय केलं आणि किती जणांनी "कार्ड चालतं का" विचारलं. बिल साधारण केवढं होतं तेही लिहा. वडापाव, सरबत, मच्छी, नारळ, रिक्षा, यांना कार्ड मशीनची गरजच नाही, माझं स्पष्ट मत आहे. खानावळीला बहुतेक नाही. होमस्टे, रिसॉर्ट, मोठं काजू-मसाल्याचं दुकान, स्कूबावाले, जिथे एका कुटुंबाचं बिल आठ-दहा हजारावर जातं, तिथे विचार करायला हरकत नाही, कारण मुंबई-पुण्याचा माणूस मोठं बिल क्रेडिट कार्डावर टाकायला बघतो.

पायरी २: बँकेचा क्यूआर घ्या

ज्या बँकेत तुमचं धंद्याचं खातं आहे तिथे जाऊन मर्चंट क्यूआर मागा. आधार, पॅन, दुकानाचा पुरावा म्हणजे उद्यम नोंदणी किंवा ग्रामपंचायतीचा दाखला असं काहीतरी लागतं. करंट खातं असेल तर उत्तम, सेव्हिंग खात्यावर धंदा चालवला तर बँक कधीतरी अडवते आणि घरचे-धंद्याचे पैसे एकत्र झाले की हिशोबाचा पार चुथडा होतो.

क्यूआर कुठल्याही बँकेचा असला तरी गिऱ्हाईक कुठल्याही ॲपने स्कॅन करू शकतं, तो नियमच आहे. त्यामुळे काउंटरवर चार रंगांचे चार क्यूआर चिकटवायची काहीच गरज नाही. एक बँकेचा समोर लावा, आणि एक दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा ड्रॉवरमध्ये ठेवा. एखाद्या दिवशी आपल्या बँकेचा सर्व्हर बसला तर तो बाहेर काढायचा.

साउंडबॉक्सचं, म्हणजे पैसे जमा झाले की बोलून सांगणाऱ्या डब्याचं, सांगतो. महिन्याला साधारण शंभर-सव्वाशे रुपये भाडं असतं. काउंटरवर गर्दी असेल, आई-वडील वयस्कर आहेत आणि मोबाईल बघायला जमत नाही, तर जरूर घ्या. पण एक गोष्ट नक्की विचारा, आत सिम कुठल्या कंपनीचं आहे. आपल्याकडे एका वाडीत एकाची रेंज फुल आणि पलीकडच्या वाडीत त्याचा एक दांडा पण येत नाही. बॉक्स लावून देणाऱ्या पोराला आपल्या काउंटरवर उभं करून एक रुपया टाकायला लावा, बोलला बॉक्स तर ठेवा, नाहीतर दुसऱ्या सिमचा मागा. समोरून पर्यटक निघून जातो आणि बॉक्स पाच मिनिटांनी बोलतो, मग "इले काय रे पैशे?" असं आतून ओरडत बसावं लागतं.

आता यूपीआयमध्येच एक गोष्ट लपलेली आहे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. म्हणजे गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतंय, तुम्हाला वाटतं फुकट, पण पैसे क्रेडिट कार्डातून येतायत. छोट्या व्यापाऱ्याला २००० रुपयांपर्यंत काही लागत नाही, त्याच्या वरच्या रकमेला क्रेडिट कार्डासारखाच चार्ज लागू शकतो. वॉलेटमधून आलेल्या २००० च्या वरच्या पैशाचं पण वेगळं गणित आहे. म्हणून महिन्याचं स्टेटमेंट काढून बघा की जमा रक्कम आणि बिल यात फरक पडतोय का, आणि पडत असेल तर बँकेला विचारा की क्रेडिट कार्ड घेणं बंद ठेवायची सोय आहे का. बाकी "यूपीआयला आता चार्ज लागणार" असे मेसेज दर दोन महिन्यांनी फिरतात, त्यावर जाऊ नका. जून २०२५ मध्ये असंच उठलं होतं आणि अर्थ मंत्रालयाला ते खोटं आहे म्हणून सांगावं लागलं.

पायरी ३: कार्ड मशीन घ्यायचंच असेल तर

आधी आपल्या बँकेला रेट विचारा, मग बाहेरच्या कंपनीचा घ्या आणि दोन्ही समोरासमोर ठेवून घासाघीस करा. रेट कमी होतो, न मागता कोणी देत नाही. आणि रेट एकच विचारून उपयोग नाही, डेबिटचा किती, साध्या क्रेडिटचा किती, कंपनीच्या म्हणजे कॉर्पोरेट कार्डाचा किती, परदेशी कार्डाचा किती, रुपे डेबिटला शून्य आहे ना, हे सगळं कागदावर मागा. "फ्री" मशीनमध्ये फ्री काय आहे ते पण. महिन्याचं भाडं, सिमचा चार्ज, पेपर रोल, दर महिन्याला ठराविक धंदा झाला नाही तर दंड, मशीन परत केलं तर चार्ज, किती महिन्यांचा करार. आपला धंदा ऑक्टोबर ते मे, पावसात चार महिने शुकशुकाट, आणि भाडं बारा महिने चालू राहतं. ही एक ओळ करारात बदलून घेता आली तर मशीन परवडतं.

पैसे दुसऱ्या दिवशी जमा होतात की त्याच दिवशी हे पण विचारा. त्याच दिवशी हवे असतील तर बहुतेक वेगळे पैसे घेतात, आणि शनिवार-रविवारचं काय ते नक्की विचारा कारण आपली कमाईच शनिवार-रविवारची.

मशीन ठेवायचं नसेल तर आजकाल मोबाईललाच मशीन करणारी सोय मिळते, फोनच्या मागे कार्ड टेकवायचं, ५००० पर्यंत पिन पण लागत नाही. कधीमधीच कार्ड येत असेल तर हाच पर्याय मला बरा वाटतो, भाड्याची कटकट कमी.

"कार्डाने द्याल तर दोन टक्के जास्त" असं गिऱ्हाईकाला सांगू नका. डेबिट कार्डावर तसं घेता येत नाही हे आरबीआयने सांगितलेलं आहे आणि क्रेडिट कार्डाच्या करारात पण बहुतेक तशी मनाई असते, कोणी तक्रार केली तर मशीन जाईल. त्यापेक्षा यूपीआयचा बोर्ड पुढे ठेवा आणि मशीन काउंटरच्या खाली. कोणी मागितलं तर काढायचं.

आणि एक कळकळीने सांगतो. क्यूआरवर चांगला गल्ला दिसायला लागला की ॲपमध्ये कर्जाची ऑफर येते, दोन मिनिटांत लाखभर, रोजच्या जमेतून थोडं थोडं कापणार. सीझनमध्ये ते कापणं जाणवत नाही. जुलैमध्ये समुद्र खवळलेला, बोटी वर ओढलेल्या, रूम रिकाम्या, आणि हप्ता रोज चालूच. घ्यायचंच असेल तर मे महिन्याच्या आत फिटेल एवढंच घ्या, नाहीतर बँकेकडे सरळ कर्जाचं विचारा, व्याजाची तुलना करून बघा.

पायरी ४: आगाऊ पैसे, म्हणजे बुकिंग आणि पेट्या

हापूसवाले आता थेट व्हॉट्सॲपवर पुण्या-मुंबईत पेट्या विकतात, होमस्टेवाले ॲडव्हान्स घेतात. इथे पेमेंट गेटवेची, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीची, लिंक पाठवायची का? गेटवेवाले साधारण दोन टक्के आणि जीएसटी घेतात. ३००० च्या पेटीला ६० रुपये, जीएसटी १० रुपये ८० पैसे, मिळून ७० रुपये ८० पैसे. पेट्या थोड्या असतील तर क्यूआरचा फोटो किंवा यूपीआय आयडी पाठवून काम होतं. रोजच्या पेट्या एवढ्या वाढल्या की कोणाचे आले आणि कोणाचे नाही हे जुळवायलाच रात्र जाते, तेव्हा लिंक घ्या, कारण ऑर्डरप्रमाणे हिशोब आपोआप लागतो. कंपनीला आरबीआयची पेमेंट ॲग्रीगेटर म्हणून परवानगी आहे का ते आरबीआयच्या वेबसाईटवरच्या यादीत बघूनच.

लाखाच्या वरचा व्यवहार असेल, लग्नाचा ग्रुप किंवा व्यापाऱ्याला माल, तर सरळ एनईएफटी मागा. आता २४ तास चालतं आणि पैसे घेणाऱ्याला काही लागत नाही. दोन लाख किंवा त्याच्या वर रोख मात्र घेऊ नका, इन्कम टॅक्सचा दंड तेवढ्याच रकमेचा असतो.

क्रेडिट कार्डाने पैसे देणारा माणूस नंतर बँकेकडे "माल मिळालाच नाही" म्हणू शकतो आणि पैसे मागे जाऊ शकतात. म्हणून पेटीचा पार्सलचा फोटो, ट्रान्सपोर्टची पावती, बुकिंगचे नियम लिहिलेला व्हॉट्सॲप मेसेज आणि त्यावर त्याचं "ओके", हे जपून ठेवा. बँक पुरावा मागते तेव्हा दिवस थोडे असतात.

पायरी ५: फसवणूक

होमस्टेवाल्यांना हा फोन आलाच असेल. समोरचा हिंदीत, अदबीने, मिलिटरीत आहे म्हणतो, चार रूम तीन दिवस हव्यात, भाव करत नाही. ओळखपत्राचा फोटो पाठवतो. मग म्हणतो आमच्या खात्याची पद्धत वेगळी आहे, मी क्यूआर पाठवतो तुम्ही स्कॅन करा म्हणजे ॲडव्हान्स तुमच्या खात्यात येईल. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना, रूमवर काम करणाऱ्या पोराला पण, तोंडपाठ करून द्या.

दुसरा प्रकार, "चुकून २५०० च्या जागी २५,००० गेले, बाकीचे परत करा", सोबत बँकेसारखा दिसणारा एसएमएस. तो एसएमएस त्यानेच पाठवलेला असतो. बँकेच्या ॲपमध्ये बॅलन्स बघितल्याशिवाय एक रुपया परत करायचा नाही. गर्दीत स्क्रीनशॉट किंवा हिरवी टिक दाखवून जाणारे पण असतात, साउंडबॉक्स तिथे उपयोगाला येतो. आणि रात्रीत आपल्या क्यूआरवर दुसऱ्याचा स्टिकर चिकटवतात, रोज सकाळी स्वतः एक रुपया टाकून आपलंच नाव येतंय का बघा.

पैसे गेलेच तर वाट न बघता लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. जेवढं लवकर तेवढी शक्यता जास्त.

खातं होल्डवर गेलं तर

हे आजकाल खूप वाढलंय आणि याचं कोणी सांगत नाही. कुठेतरी कोणाला फसवून काढलेला पैसा हातोहात फिरत एखाद्या पर्यटकाच्या खात्यातून तुमच्या क्यूआरवर येतो, तुम्ही त्याला जेवण दिलंय, माल दिलाय, आणि महिन्याने कुठल्यातरी राज्याच्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून तुमचं खातं बंद. घाबरू नका आणि फोनवर "सोडवून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. शाखेत जाऊन लेखी मागा, कुठलं पोलीस ठाणं, तक्रारीचा नंबर काय, वादातली रक्कम किती. मग त्या तपास अधिकाऱ्याला ईमेलने बिल, रजिस्टरमधली नोंद, गेस्टच्या ओळखपत्राची कॉपी पाठवा आणि विनंती करा की फक्त वादातली रक्कम अडवावी, बाकी खातं मोकळं करावं. दोन खाती वेगळ्या बँकांत ठेवा म्हणतो ते यासाठी पण आहे. रोजचा गल्ला एका खात्यात, आणि दर आठवड्याला घरखर्चाचे आणि पगाराचे दुसरीकडे वळवायचे.

नेट नाही, लाईट नाही

निसर्ग वादळात, जून २०२० ला, श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत कित्येक गावांत दिवसेंदिवस लाईट नव्हती आणि टॉवर बंद होते, तेव्हा फक्त नोटा चालल्या. वादळ सोडा, १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी देशभर यूपीआय अडकलं होतं, ऐन सुट्टीच्या दिवशी. म्हणून गल्ल्यात दहा-वीस-पन्नासच्या सुट्ट्या नोटा कायम ठेवा. किनाऱ्यावर गिऱ्हाईकाच्या मोबाईलला रेंज नसते, त्यासाठी साधं वायफाय लावून पासवर्ड बोर्डावर लिहा. *९९# ने नेटशिवाय पैसे पाठवता येतात खरं, पण पर्यटकाला ते येत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

टॅक्सची भीती

"क्यूआर लावला की टॅक्सवाले येतील" म्हणून बरेच जण रोखच घेतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयची जमा बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, त्याने भीती वाढली. पण बघा, मालाच्या धंद्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवेला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. इन्कम टॅक्समध्ये तर अंदाजी नफ्याच्या योजनेत रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के, म्हणजे डिजिटलला फायदाच. फक्त भिशीचे, मित्राने परत केलेले उसने, मुलाने मुंबईहून पाठवलेले पैसे धंद्याच्या क्यूआरवर घेऊ नका, ते सगळं विक्री म्हणून दिसतं. नोंदणीच्या मर्यादेजवळ आलात तर सीएला एकदा भेटा.

तक्रार कुठे करायची

गिऱ्हाईकाचे कापले पण तुम्हाला आले नाहीत, तर दुकानातल्या यूपीआय आणि मशीनच्या व्यवहारात पाच दिवसांत परत जायला हवेत, त्यानंतर बँकेने गिऱ्हाईकाला दिवसाला १०० रुपये द्यायचे असतात. गिऱ्हाईकाला हे शांतपणे सांगा आणि दुसऱ्यांदा पैसे मागताना त्याच्या बँकेच्या ॲपमधला व्यवहार नंबर लिहून घ्या, परत आले की दुप्पट घेतल्याचा आरोप राहत नाही.

जास्त एमडीआर कापला, जमा अडकली, मशीन परत घेत नाहीत, तर आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार आणि तिचा नंबर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे, सीएमएस या त्यांच्या तक्रारीच्या ऑनलाइन पोर्टलवर, फुकट. माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो. वकील लागत नाही.

आणि मेच्या शेवटी, पर्यटक कमी व्हायला लागले की, मशीन पावसाळ्यात बंद ठेवायचं असेल तर कंपनीला ईमेल करा, तोंडी सांगून चालत नाही. मशीन परत दिलंत तर त्याचा सिरीयल नंबर लिहिलेली पावती घ्या, आणि जूनच्या स्टेटमेंटमध्ये भाडं कापलंय का ते बघा.